अनवाणी इतिहासाच्या पायांत जोडे

दूरचित्रवाणीवर एखादी ऐतिहासिक मालिका सुरू झाली की पहिल्या आठवड्यातच आपल्याकडे वादाला तोंड फुटते. पगडीचा घाट चुकला आहे काय, अमुक सरदाराच्या तोंडी घातलेला शब्द त्या काळी रूढ होता काय, तलवारीची मूठ कोणत्या धाटणीची हवी, नऊवारीचा काठ किती बोटांचा असावा, यांवर जाणकार आणि अजाण दोघेही सारख्याच हिरिरीने बोलतात. वृत्तपत्रांच्या पत्रव्यवहारातही त्याचे पडसाद उमटतात. या साऱ्या चर्चेतून एक अवयव मात्र दरवेळी सुटतो. तो म्हणजे पाय. मंदिलापासून कमरबंदापर्यंत आमची ऐतिहासिक दृष्टी मोठी तीक्ष्ण असते. त्याखाली ती सहसा उतरत नाही.

ज्याला ही खोड एकदा लागली त्याला मात्र मालिका पाहणे कठीण होऊन बसते. गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या मावळ्याच्या पायांत शिवणीच्या आत लपवलेली चेन दिसते. पेशवाईतील कारकून वळून चालू लागला की त्याच्या वहाणेचा तळ क्षणभर पडद्यावर येतो आणि त्यावर रबराची नक्षी असते. सतराव्या शतकातील दासी तबक घेऊन येते तेव्हा तिच्या पायांत गेल्या वर्षीच्या बाजारातील जरीची मोजडी असते, आणि तिला डावा-उजवा असा स्पष्ट भेद असतो. एका काळातील वस्तू दुसऱ्या काळात नेऊन ठेवण्याच्या या दोषाला कालविपर्यास असा भारदस्त शब्द आहे. बिचाऱ्या जोड्याला तो शब्द लावायचे सहसा कोणाच्या मनात येत नाही, इतकेच.

यात चूक कोणती आणि कितीशी, ते आधी पाहू. रबर कडक उन्हात वितळू नये आणि थंडीत तडकू नये यासाठी गंधक घालून तापवण्याच्या कृतीचे पेटंट चार्ल्स गुडइयर याला अमेरिकेत १८४४ मध्ये मिळाले. तेव्हा शनिवारवाड्यावरील भगवा उतरून सव्वीस वर्षे झाली होती. चेन, म्हणजे ज्याला आपण झिप म्हणतो ती, आजच्या रूपात १९१३ च्या सुमारास सिद्ध झाली आणि तिला ते इंग्रजी नाव मिळाले तेच मुळी १९२३ मध्ये एका अमेरिकन कारखान्याने काढलेल्या रबरी बुटांमुळे. चिकटपट्टीचे बूट तर १९५० नंतरचे. डाव्या-उजव्या पायाचा भेद त्याहून मौजेचा आहे. युरोपात सतराव्या आणि अठराव्या शतकांत दोन्ही पायांचे जोडे बहुधा एकाच सरळ साच्यावर बनत. वेगवेगळे साचे सर्रास झाले ते एकोणिसाव्या शतकात. आपल्या जुन्या धाटणीच्या मोजड्यांनाही डावे-उजवे नसे. पायच त्यांना काही दिवसांत डावे किंवा उजवे करून टाकीत.

यावर मालिका करणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी आहे असे नाही. १९८८ मध्ये श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही मालिका दूरदर्शनवर आली, तिचे ५३ भाग होते आणि ती आठवड्याला एक या संथ गतीने दाखवली गेली. आजची मालिका आठवड्यातून पाच-सहा दिवस दाखवायची असते. सकाळी लिहिलेला प्रसंग दुपारी चित्रित होतो. पोशाख भाड्याने येतात, जोडे तर मापाचे मिळाले तरी पुष्कळ. चित्रीकरणाच्या जागी जमिनीवर तारा, खिळे, लाकडाच्या ढलप्या पडलेल्या असतात; वैशाखात तापलेल्या फरसबंदीवर नटाला दिवसभर अनवाणी उभे करणे माणुसकीला धरून नाही. आणि अखेर कॅमेरा चेहऱ्यावर असतो, पायांकडे पाहतो कोण? हा युक्तिवाद मला बराचसा पटतो. एखाद्याने हेतुपुरस्सर कालविपर्यास केला तर तोही मी आनंदाने मान्य करीन. सोफिया कोपोला यांनी २००६ च्या ‘मारी आंत्वानेत’ या चित्रपटात राणीच्या उंची जोड्यांच्या पसाऱ्यात आजच्या काळातील कॅनव्हासचे बूट मुद्दाम ठेवले होते. त्या राणीचे अल्लड वय त्यातून त्यांना सुचवायचे होते. पौराणिक मालिकांनाही सूट द्यावी. रामाच्या खडावांचा नमुना कोणाच्या दप्तरात जपून ठेवलेला नाही.

परंतु इतिहासाची गोष्ट वेगळी. तेथे पुरावा आहे आणि तो पाहायला फार लांब जावे लागत नाही. दख्खनी लघुचित्रांतील दरबारी मंडळींच्या पायांत टाचेशी मोकळे, सपातांसारखे हलके जोडे दिसतात, आणि त्याच चित्रांतील हुजऱ्यांचे पाय पुष्कळदा उघडे असतात. १७९० मधील तहाच्या वेळचा पेशव्यांचा दरबार थॉमस डॅनियल या चित्रकाराने जेम्स वेल्सच्या पुण्यातील रेखाटनांच्या आधारे १८०५ मध्ये रंगवला. त्यातील बैठक जमिनीवरची आहे. बैठक जमिनीवर म्हणजे जोडे दाराबाहेर, हे आपल्या घरातील लहान मुलालाही सांगावे लागत नाही. मालिकांतील दरबारात मात्र सरदार बूट करकरवीत गालिच्यावरून थेट गादीपर्यंत जातात आणि मुजरा करतात. पगडीचा पेच एका बोटाने इकडेतिकडे झाला तर संतापणारे आम्ही हा उघड उद्धटपणा मुकाट्याने पाहतो.

जोडे काढण्यात आणि घालण्यात केवढे राजकारण भरलेले होते, हे पुढे इंग्रजी अमदानीत फारच स्पष्ट झाले. देशी रिवाजाप्रमाणे वरिष्ठांसमोर जोडे काढून जायचे. साहेबाने हा रिवाज स्वतःच्या सोयीने उचलला आणि कचेऱ्यांत, न्यायालयांत हिंदी माणसाने अनवाणी यावे असा हट्ट धरला. पुढे कलकत्त्याकडे विलायती बूट-मोजे घालणारे इतके झाले, की १८५४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या मंडळाला ठराव करावा लागला: विलायती बूट घातले असतील तर ते न काढता सरकारी अधिकाऱ्यांपुढे येण्यास मुभा आहे. देशी जोडा मात्र दाराबाहेरच! १८६२ मध्ये सुरतेच्या न्यायालयात माणकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी बूट काढण्यास नकार दिला आणि त्यावरून मोठे प्रकरण उभे राहिले. पायांत काय आहे यावर माणसाची पत ठरवली जात होती आणि ते दोन्ही पक्षांना पुरते ठाऊक होते.

त्याच सुरतेत पंचेचाळीस वर्षांनी आणखी एक जोडा इतिहासात शिरला. डिसेंबर १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनात लोकमान्य टिळक व्यासपीठावर उभे असताना गोंधळ माजला आणि समोरच्या गर्दीतून एक जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून सर फिरोजशहा मेहतांवर आदळला. तेथे हजर असलेले इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन यांनी त्या जोड्याचे वर्णन नोंदवून ठेवले आहे: तांबूस कातडे, टोकदार चवडा, तळाला शिशाचे खिळे. तो मऱ्हाठी जोडा आहे हे परक्या माणसालाही ओळखू आले. जोडा पाहून माणसाचा मुलूख ओळखता यावा असा तो काळ होता. उद्या या प्रसंगावर कोणी मालिका काढली तर त्या मंडपातून कोणता जोडा फेकला जाईल, याची मला मनापासून धास्ती वाटते. बहुधा तो कोल्हापुरीच असेल.

कारण आमच्या मालिकांपुढे मराठी पादत्राणांचा नमुना एकच आहे. पुणेरी ब्राह्मण असो, कोकणातील खोत असो, देशावरचा पाटील असो की बुंदेलखंडात लढणारा शिलेदार असो, त्याच्या पायांत कोल्हापुरी. यामागे माझा एक तर्क आहे. मराठी ऐतिहासिक चित्रपटाची मोठी परंपरा कोल्हापुरात वाढली. बाबूराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ १९२३ चा. जेथे चित्रपट तयार होत होता तेथे जी उत्तम वहाण हाताशी होती ती नटांच्या पायांत गेली असावी, आणि पडद्यावर एकदा पाहिलेली वस्तू पुढच्या पिढीने इतिहास म्हणून स्वीकारली असावी. कोल्हापुरी वहाणेच्या घराण्यात कापशी आहे, बक्कलनाळी आहे, पुकरी आहे; गावागावाची धाटणी निराळी. नांगरामागे चालणाऱ्या शेतकऱ्याचे जाड, जड, तेल पाजलेले पायताण आणि आज शहरात मिळणारी पातळ, हलकी, वेणीदार चप्पल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मालिकेत वापरतात ती दुसरी. ती विसाव्या शतकातील शहरी गिऱ्हाइकाच्या पसंतीने घडत गेलेली वस्तू आहे.

आपल्या भाषेने तरी जोड्यांची आठवण मालिकांपेक्षा पुष्कळ चांगली जपली आहे. वहाण, जोडा, पायताण, खेटर, चढाव, सपाता, खडावा, मोजडी: एवढे शब्द ज्या भाषेत आहेत तिच्या बोलणाऱ्यांना एकाच चपलेवर भागवणे शोभत नाही. वहाण हा शब्द संस्कृतातील ‘उपानह्’चा वंशज, म्हणजे कुळाने थोर, पण वाक्प्रचारांत तिची जागा पाहा. पायातली वहाण पायातच बरी, असे आपण म्हणतो आणि ते वहाणेविषयी क्वचितच म्हणतो. सुनेविषयी, गड्याविषयी, खालच्या मानलेल्या जातीविषयी म्हणतो. उपकार फेडण्यासाठी आपल्या कातड्याचे जोडे करून दुसऱ्याच्या पायांत घालण्याची भाषा करतो, खेट्यांनी जोडे झिजवतो, अपमान करायचा तर खेटराने पूजा करतो. त्याच वेळी आषाढी वारीला आळंदीहून आणि देहूहून संतांच्या पादुका पालखीत बसून पंढरीला निघतात आणि त्यांच्यापुढे आपण मस्तक ठेवतो. पादुका पूज्य, वहाण तुच्छ, आणि ती शिवणारा गावाच्या कडेला! या तिढ्यातच आपला निम्मा सामाजिक इतिहास सामावलेला आहे. तो तिढा पडद्यावर दिसावा एवढीच माझी मागणी आहे. चेन आणि रबर या त्यापुढे किरकोळ गोष्टी होत.

मुद्दा असा, की जुन्या काळात कोणाच्या पायांत कोणते जोडे होते यापेक्षा कोणाच्या पायांत ते नव्हतेच, हा प्रश्न मोठा आहे. मालिकांचा खरा कालविपर्यास तेथे आहे. त्यांनी सर्वांना जोडे दिले. पाणक्याला दिले, मशालजीला दिले, बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला दिले, वेशीबाहेरच्या माणसालाही दिले. हे औदार्य मोठे असले तरी ते इतिहासाने दाखवलेले नव्हते. दलित माणसाने वरच्या मानलेल्या जातीच्या आळीतून जाताना पायांतील वहाणा काढून हातात घ्यायच्या, हा दंडक देशाच्या अनेक भागांत होता आणि त्याच्या हकिगती विसाव्या शतकातल्या आहेत, पुराणकाळातल्या नव्हेत. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा झाला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, माझ्या लहानपणी, आमच्या सातारा जिल्ह्यातील गावात चावडीसमोर आल्यावर वाकून वहाणा हातात घेणारा एक म्हातारा मी पाहिला आहे. चावडीत तेव्हा कोणी नव्हते. हुकूम करणारे गेले होते, पण कंबर आपली वाकत होती. आज ऐतिहासिक मालिकेत चावडीचा देखावा उभारतात तेव्हा छपराची कौले, खांबांची नक्षी, भिंतीवरची ढाल यांवर खर्च होतो. तो म्हातारा त्या देखाव्यात नसतो. असला तरी पायांत वहाणा घालून ताठ चालत जातो.

स्त्रियांचे तेच. पांढरपेशा घरांतील बायकांनी पायांत काही घालणे हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मर्यादेचा भंग समजले जाई. जोडे आणि छत्री ही पुरुषाची चिन्हे. पायांत बूट घालून आणि हातात छत्री घेऊन रस्त्याने निघालेल्या पहिल्या शिकलेल्या स्त्रियांना लोकांनी दगड मारले, ही गोष्ट स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. रमाबाई रानडे यांच्या जीवनावरील ‘उंच माझा झोका’ सारख्या मालिकेने २०१२ मध्ये त्या पिढीच्या शिक्षणाची धडपड घराघरांत नेली, हे तिचे श्रेय मोठेच आहे. पण अशा कथांत सर्वच बाया पहिल्या भागापासून सुखाने चपला घालून वावरू लागल्या, तर पुढे एखादी बूट घालून उंबरा ओलांडते तेव्हा रस्त्यावरच्या लोकांचे डोळे का विस्फारतात हे आजच्या मुलीला कळणार कसे? तिला ते लोक केवळ मूर्ख वाटतील. माझी आजी १९७० नंतरच्या दशकात वारली. तिने आयुष्यात पायांत वहाण घातली नाही. टाचांच्या भेगांत मेण तापवून भरताना ती दात आवळून बसे. पण चपला आणू का म्हटले तर हसे. तिच्या हसण्यात लाज होती की अभिमान, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

आता माझे लहानपणच ऐतिहासिक होऊन गेले आहे. मध्यंतरी १९६०-७० च्या काळातील खेडेगावावर बेतलेली एक मालिका पाहण्यात आली. तिचे नाव महत्त्वाचे नाही. प्राथमिक शाळेचा वर्ग दाखवला होता: फळा, पाट्या, छडी, भिंतीवर महात्मा गांधींची तसबीर, सारे नेटके. मुले मात्र एकजात पांढरे मोजे आणि काळे बूट घालून बसलेली. एकाच्या बुटाला चिकटपट्टी होती ते सोडून देऊ. मला पटले नाही ते निराळेच. तो वर्ग माझा होता. त्या वर्गात मी बसलेलो होतो आणि तेथे बूट नव्हते.

तेथे काय होते ते सांगतो. चौथीपर्यंत बहुतेकांच्या पायांत काहीच नसे. चैत्र-वैशाखात शाळा सकाळची असली तरी सुटेपर्यंत धूळ तापलेली असे. मग एका झाडाच्या सावलीपासून दुसऱ्या सावलीपर्यंत धावायचे. अंतर फार असले तर मध्येच दप्तर खाली टाकून त्यावर उभे राहायचे, तळवे निवले की पुन्हा पळायचे. दप्तराचा हा उपयोग शिक्षणखात्याच्या कोणत्याही अहवालात सापडणार नाही. बाभळीचा काटा मोडला तर बिब्ब्याचा चटका. पाचवीला तालुक्याच्या शाळेत नाव घातले तेव्हा वडिलांनी पहिले बूट आणले. ते दोन बोटे मोठे होते, कारण ते दोन वर्षे पुरायला हवे होते. पहिले वर्षभर चवड्यात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते वापरले. दुसऱ्या वर्षी ते पायाला बरोबर झाले तेव्हा तळ गेला होता, आणि तरीही ते धाकट्या भावाकडे गेलेच. शनिवारी कवायतीला पांढरे कॅनव्हास लागत. ते ज्याच्याकडे होते त्याने शुक्रवारी रात्री त्यांना ओल्या खडूने रंगवायचे. फळ्याजवळचे खडूचे तुकडे कोठे जातात हे गुरुजींना ठाऊक असे, ते बोलत नसत. पुढे हवाई चपला आल्या. त्यांचा पट्टा तुटला की खालून टाचणी लावून दिवस काढायचे. पावसाळ्यातील प्लॅस्टिकचे सँडल आणि त्यांचा तो विशिष्ट वास, हे माझ्या पिढीतील कोणालाही सांगून पाहा. तो लगेच नाकाला हात लावील.

यात रम्य काही नव्हते. अनवाणी बालपणाची गोडवी गाणाऱ्यांपैकी मी नाही. तळवे भाजत होते. आणि सर्वांचे सारखे भाजत नव्हते. आमच्या वर्गात ज्याच्या बापाने अर्ध्या गावाच्या वहाणा शिवल्या होत्या तो मुलगा सातवीपर्यंत अनवाणी आला. बलुतेदारीत त्याच्या घराकडे गावाची पायताणे आणि मोटेचे कातडे सांभाळण्याचे काम, त्याबद्दल सुगीला खळ्यावरून मिळेल ते धान्य. मोटा जाऊन विजेचे पंप आले, कारखान्याच्या चपला आल्या, आणि ते बलुते आटले. मधल्या सुटीत कोणाची वहाण तुटली तर ती त्याच्यापुढे टाकली जाई, तो ती घरी नेई आणि दुसऱ्या दिवशी शिवून आणी. आम्ही ती घालीत असू. याविषयी वर्गात कोणी काही बोलल्याचे मला आठवत नाही. काळ्या बुटांचा तो सुरेख वर्ग पडद्यावर पाहताना मला एवढेच दिसत होते, की त्या मुलाला आता कोणी ओळखणार नाही. सर्वांच्या पायांत बूट आहेत. मग तो कोणता?

काही वाचक विचारतील, की देशापुढे एवढे प्रश्न असता मालिकेतील जोड्यांवर स्तंभ कशाला खर्ची घालायचा? हा प्रश्न शिक्षकांनी तरी विचारू नये. इतिहासाच्या तासाला बसणारा विद्यार्थी आज आपल्या डोळ्यांपुढे जो भूतकाळ घेऊन येतो तो क्रमिक पुस्तकातला नसतो, रात्री आठला पाहिलेला असतो. पुस्तकात विषमता हा शब्द असतो आणि तो परीक्षेत लिहून मोकळे होता येते. चित्रात मात्र सर्वांच्या पायांत सारखेच जोडे असतात. शब्दापेक्षा चित्र जास्त काळ टिकते. जुन्या समाजात सारे कसे गुण्यागोविंदाने नांदत होते, अशी समजूत अशाच बारीकसारीक तपशिलांनी पक्की होते; त्यासाठी कोणाला खोटे भाषण लिहावे लागत नाही. वेशभूषाकाराने घाईत चपलांची एक पेटी उघडली तरी पुरते.

आणि सुधारणा तर फुकट होण्यासारखी आहे. अनवाणी पायाला भाडे पडत नाही. नटांचे तळवे भाजू नयेत यासाठी जेथे पाय दिसणार नाहीत तेथे त्यांनी खुशाल आजच्या चपला घालाव्यात. मालिकेत दर आठवड्याला एखादेच चित्र पायांचे दाखवा, पण ते खरे दाखवा. वाड्याच्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या जोड्यांची एक रांग, त्यांत एक तांबडा पुणेरी, एक झिजलेला, एक नवाकोरा, आणि त्या रांगेपासून दूर उभा असलेला अनवाणी माणूस. एवढ्यात जे सांगून होईल ते दहा पानांच्या संवादांत होणार नाही. माहितीसाठी माणसे हवी असतील तर तीही आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांच्या नावावर. दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून ते घेतले. कोल्हापूर आणि अथणी परिसरात आजही हाताने वहाण घडवणारी घरे आहेत. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या प्रदर्शनात अगदी कोल्हापुरीच वाटतील अशा चपला मांडल्या आणि तिचे मूळ सांगितले नाही, तेव्हा आपण केवढे खवळलो! कंपनीला नंतर ते मूळ मान्य करावे लागले. ज्या कारागिराच्या नावाने आपण तेव्हा भांडलो, त्याला एखाद्या मालिकावाल्याने बोलावून, बाबा, तुझा पणजा कशी वहाण शिवीत होता, असे विचारल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही.

संग्रहालयांचा आधार या बाबतीत तोकडा पडतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते ज्या प्रेमाने जपले आहेत त्या प्रेमाने साध्या माणसाचे पायताण जपावे असे फारसे कोणाला वाटले नसावे. कातडे कुजते, शिवाय ती वस्तू घरात घेण्याजोगी मानलेलीच नव्हती. टोरांटो शहरात १९९५ पासून केवळ पादत्राणांना वाहिलेली एक इमारत उभी आहे, तिचे नाव बाटा शू म्युझियम, आणि तेथे हिंदुस्थानातील जोडे व खडावा हौसेने मांडलेल्या आहेत. तेवढ्या लांब जाणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी एक जवळचा पुरावा आहे. तो शाळांत आहे. जुन्या शाळांच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत, नाहीतर अडगळीत, वर्गवार काढलेली सामुदायिक छायाचित्रे असतात. नूतनीकरणाच्या वेळी ती प्रथम बाहेर फेकली जातात. शिक्षकांनी ती एकदा उतरवून, काच पुसून, पायांच्या बाजूने पाहावीत.

आमच्या चौथीचे असे एक छायाचित्र आहे, १९६६ सालचे. मधल्या रांगेत खुर्च्यांवर गुरुजी आणि त्यांच्या पायांत वहाणा. मागची रांग बाकांवर उभी, तिचे पाय पुढच्यांच्या डोक्यांआड. पुढे सतरंजीवर आम्ही मांडी घालून बसलेलो. छायाचित्रकाराने काळ्या कापडात डोके घालण्याआधी ओरडून सांगितले होते, “पोरांनो, पाय आत घ्या.” सर्वांनी ते घेतले. डावीकडून तिसऱ्याला ते पुरते साधले नाही, त्याचा एक तळवा गुडघ्याखालून बाहेर आला आहे. तो वहाणा शिवणाऱ्याच्या मुलाचा.